घरात शीळ कोण घालतंय?

माघातला मंगळवार, उन्हं कललेली. देगलूर तालुक्यातलं एक खेडं.

हजर: आजी, आजीची नातसून, नातसुनेची चार वर्षांची पोर, ओसरीवर बाजेवर बसलेले आजीचे थोरले दीर आबा, लिंबाखाली एक शेळी, आणि मी. आजीचा मुलगा आणि सून हरभऱ्याला शेतात.

गैरहजर: आजीच्या कानातलं मशीन.

कुठेही गेले की आधी हजेरी मांडायची, ही माझी सवय. नांदेडच्या एका संस्थेत मी म्हाताऱ्या माणसांच्या योजनांचं काम बघते. कुणाला काठी, कुणाला चष्मा, कुणाला नुसतं दवाखान्यापर्यंत सोबत. यादी नीट नसली की एकाची काठी दुसऱ्याच्या हातात जाते आणि तिसरा रिकाम्या हातानं घरी जातो. म्हणून यादी.

दिवाळीनंतर आम्ही देगलूरच्या एका मंगल कार्यालयात कानाच्या मशीनचं शिबिर घेतलं होतं. लग्नाची सजावट अजून उतरवलेली नव्हती. झेंडूच्या सुकलेल्या माळांखाली खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांवर तालुक्यातली बहिरी माणसं वऱ्हाडासारखी बसलेली. पडद्याआड तंत्रज्ञ होता. तो हातवाऱ्यांनी सांगायचा, "आजी, पदर खाली घ्या." डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर बायका पदर खांद्यावर घ्यायच्या, तो कानात मशीन बसवायचा, आणि मग जे व्हायचं ते मी पाण्याचे पेले मोजायचं सोडून बघत राहायचे. चेहरा हळूहळू वर यायचा, विहिरीतून कळशी वर यावी तसा. एक जण पंख्याकडे बघत राहिली. एकीनं हात हलवला, थांबवला, परत हलवला. बांगड्या वाजतात हे ती विसरून गेली होती.

ही आजी त्याच रांगेतली. तिला विचारलं, मशीन कशाला हवं? कीर्तन, टीव्ही, फोन अशी उत्तरं आमच्याकडे ठरलेली असतात. ती म्हणाली, "पोरीचं बोलनं ऐकायचंय. पाडवा झाला की जानार हाय ती पुन्याला. नातवाला तकडं काम लागलंय."

ती पोर जन्मायच्या आधीच आजीचे कान गेले होते. पोर दिवसभर तिच्या मांडीवर, तिच्याशीच बोलणारी, आणि आजीनं तिचा एकही शब्द ऐकलेला नव्हता.

आणि आता नातसुनेचा फोन आला होता, की आजी मशीन घालतच नाही. "शिट्ट्या मारतंय म्हन्तात. खराब निघालं जनू." अशी तक्रार आणखी दोघी-तिघींकडून आली होती. मी सेल, ब्रश आणि तक्रारींची यादी पिशवीत टाकली आणि निघाले. देगलूरपर्यंत एसटी, पुढे टमटम. दोन्ही बाजूंनी फुललेली करडई. इतकी पिवळी, की डोळे मिटले तरी पिवळंच दिसत होतं.

नातसुनेनं मशीन कुठून काढलं, तर तुरीच्या डाळीच्या डब्यातून. "सर्दी लागू ने म्हनून ठिवलं," ती म्हणाली. डाळ झटकून मी ते तळहातावर घेतलं. सेल चांगला होता. मशीनही चांगलं होतं. आजीचा पदर मागं सारून मी ते कानात बसवलं.

शेळी ओरडली, तशी आजीनं मान वळवली.

"ही लई म्हातारी झाली की गं," आजी म्हणाली. "आवाज बघ कसा फाटलाय."

तेवढ्यात ओसरीवर थोरले खाकरले. आजीचा हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत आला, दोन्ही कान झाकले गेले, आणि बारीक, लांबच लांब शिट्टी घरभर पसरली.

"घरात शीळ कोन घालून राहिलंय?" ओसरीवरून थोरले ओरडले. "बायामानसांचं घर हाय का तमाशाचा फड?"

आजीनं झटक्यात मशीन काढून नातसुनेच्या हातात दिलं. शिट्टी थांबली.

"असंच होतंय रोज," नातसून हसू दाबत म्हणाली. "पयल्या दिशी आजीला आबांचं पयलं ऐकू आलं ते हेच."

मग माझ्या ध्यानात आलं. मशीनवर काही झाकलं की त्याचाच आवाज त्याच्यात परत शिरतो आणि ते शीळ घालतं. शिबिरात सगळ्यांचे पदर खांद्यावर होते. घरी गेल्यावर कुणाचे राहणार? आमच्या तपासणीत पंखा होता, बांगड्या होत्या, थोरले दीर नव्हते.

उपाय सोपा वाटला. मी ओसरीवर गेले. आबा नव्वदीच्या आसपासचे, पांढरी टोपी, डोळ्यांत सायीसारखा मोतीबिंदू. त्यांना म्हटलं, आबा, आजींना जरा पदर मागं घेऊ द्या, म्हणजे मशीन चालेल.

"म्या कवा अडीवलं?" आबा भडकले. "मला समोरचा मानूस दिसंना, पदर काय दिसतोय, म्याडम? डोक्यावर टोपली घेऊन हिंडली तरी मला पत्ता लागायचा न्हाई. सांगा तिला जाऊन."

मी आत येऊन तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्येंला दिसत न्हाई, ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर मी तर हाय न हितं. मला ठावं हाय न पदर न्हाई म्हनून."

अंगणात ऊन हळूहळू सरकत होतं. पोर आजीच्या मांडीवर चढून तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेशी खेळत काहीतरी सांगत होती, आणि आजी दर वाक्याला "हाव, हाव" म्हणत होती. नातसून चहा गाळत होती. वाटलं, हे असंच चालू राहील, करडई कापली जाईल, पाडव्याच्या गुढ्या उतरतील आणि या दोघी अशाच बसलेल्या असतील.

ओसरीवर बाज करकरली.

"ए सुने," आबांनी नातसुनेला हाक मारली. "मला पारावर न्हेऊन सोड."

"आत्ता? चहा झालाय, आबा."

"तकडं धाड चहा. हितं शिट्ट्याच शिट्ट्या. मानसानं बसावं कसं?"

काठी टेकत ते उठले. दारापाशी येऊन, आत न बघता, भिंतीला सांगावं तसं बोलले, "उद्यापून दुपारचं मी पारावरच असतो म्हनावं. दिवा लागंस्तोर येत न्हाई."

नातसून त्यांना हाताला धरून घेऊन गेली. मी आजीच्या कानाशी निरोप सांगितला. तिनं रिकाम्या ओसरीकडे पाहिलं. बाजेवरच्या गोधडीत अजून त्यांच्या बसण्याचा खळगा होता. मग तिनं पदर खांद्यावर घेतला आणि कान माझ्यापुढे केला. नातसुनेनं चहाच्या भांड्यापाशी ठेवलेलं मशीन उचलून मी ते बसवलं.

पोर बोलतच होती.

आजीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "किती बारीक आवाज हाय गं तुजा! मी मनात येगळाच करून ठिवला व्हता. जाडा. तुज्या पनज्यासारका."

"अव्वा, शेळी पुन्याला न्यायची न?" पोर म्हणाली. तिची आई तेलंगणाच्या काठची, म्हणून ती आजीला अव्वा म्हणते.

"शेळी? कोन म्हनलं?"

"तूच हाव म्हनलीस. आन् चुलीपशी झोपायला बी हाव म्हनलीस. आन् तू बी येनार म्हनलीस."

"कुटं?"

"पुन्याला. मी रोज इचारते, तू रोज हाव म्हन्तीस."

नातसून दारात परत आली होती, ती तिथंच थांबली. आजीचा हात पदराकडे गेला, अर्ध्यात थबकला, आणि पोरीच्या केसांवर येऊन बसला.

"आता म्हन," पोर म्हणाली. "येनार न?"

"आता ऐकलं न बाई," आजी म्हणाली. "ऐकल्यावर हाव म्हनता येत न्हाई. हितं दिसभर थोरल्यांला कोन हाय, शेळीला कोन हाय." पोरीचा ओठ थरथरला, तशी आजीनं तिला जवळ ओढलं. "पर तू बोल. पाडव्यापत्तोर बोल. हितून पुढं सगळं ऐकूनच सांगंन, हाव का न्हाई."

पोर थोडा वेळ रुसून बसली. मग शेळीचं काय, ते नव्यानं सुरू झालं.

परतताना मी पाराजवळ टमटम थांबवायला सांगितली. आबा मावळतीकडे तोंड करून बसले होते. सगळी करडई, सगळं ऊन त्यांच्या साय धरलेल्या डोळ्यांवर पडलेलं. मी म्हटलं, आबा, नांदेडला डोळ्यांचं शिबिर आहे, तुमचं नाव घालते, गाडी पाठवते.

"आपरेशन झाल्यावर घरी पडून ऱ्हावं लागतंय न?"

"थोडे दिवस. ओसरीवर."

"मग नगं. पाडवा होऊ द्या. पोरगी जाऊ द्या."

एसटीत मी कामं लावून घेतली. शिट्टीची तक्रार केलेल्या बायकांना निरोप: दुसऱ्या दिवशी सकाळीच दिले. तंत्रज्ञाला सांगणं, की पुढच्या शिबिरात पदर डोक्यावर घेऊनच तपासायचं: तेही झालं, तो हसला आणि हो म्हणाला. नांदेडच्या डोळ्यांच्या शिबिराची यादी भरली आणि गेली. आबांचं नाव मी पाडव्यानंतरच्या शिबिरासाठी माझ्या वहीत सगळ्यांत वर लिहून ठेवलं आहे. यादीत ते अजून घालायचं आहे.