एक हात रुंद कडी

खामगावच्या त्या लहानशा कॉलेजात बास्केटबॉलचे चार मास्तर मी येताना-जाताना पाहिले. तिघे आपापल्या कारणांनी गेले. पहिला माझ्यामुळे गेला, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कॉलेजशी माझा तसा काही संबंध नव्हता. मी शेजारच्या कापसाच्या प्रेसमध्ये कारकून. संध्याकाळी गाठी बांधून झाल्या की मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो आणि फुकटचे सल्ले द्यायचो. बायको म्हणायची, "तुमची खाट तिकडेच नेऊन टाका."

पहिला मास्तर अमरावतीहून शिकून आलेला, मूळचा मलखांबाचा माणूस. बास्केटबॉल त्याने तिथे दोन-चार महिनेच पाहिला होता, पण पोरांना जीव लावून शिकवायचा. कॉलेजकडे चेंडू होता, खांब होते, फक्त कड्या नव्हत्या. मीच छाती पुढे काढून म्हणालो, "कड्या माझ्याकडे लागल्या." रुंदी अठरा इंच, असं मास्तरने सांगितलं. अठरा इंच म्हणजे एक हात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रेसच्या लोहाराने कोपरापासून मधल्या बोटापर्यंत आपला हात जमिनीवर आडवा ठेवला, तेवढा गोल आखला आणि त्यावर सळई वाकवली. लोहार म्हणजे दारातून वाकून आत येणारा गडी. ऑफिसात फूटपट्टी पडून होती, पण ती आणायची बुद्धी मला झाली नाही. खाली सुतळीची जाळी मी स्वतः विणली.

"बाबू, तुम्ही होते म्हणून जमलं," मास्तर म्हणाला. मी ते साऱ्या बाजारात सांगत फिरलो.

पोरं धडाधड बास्केट टाकू लागली. बाहेरचा संघ आमच्याकडे येत नसे, त्यामुळे आपसात खेळूनच आम्ही शेर झालो होतो. मग जलंबला गाडी बदलून अकोल्याला गेलो आणि सपशेल आपटलो. चेंडू कडीच्या काठावर आदळायचा आणि बाहेर यायचा. नंतर अमरावतीतही तेच झालं. गावात मास्तरची टिंगल सुरू झाली. त्याला खांबावर चढवा, तेवढंच येतं त्याला, असं लोक म्हणत. मीही त्यात हसलो.

अमरावतीच्या कड्या मात्र मला लहान दिसल्या होत्या. परत आल्यावर सकाळीच शिडी लावली आणि फूटपट्टी धरली. साडेवीस इंच. दुसऱ्या खांबावरचीही तेवढीच. पोरं अडीच इंच जास्त रुंद कडीवर शिकली होती.

कॉलेजच्या कमिटीची बैठक परवावर होती. जाऊन एवढंच सांगायचं होतं की दोष मास्तरचा नाही, कडीचा आहे. पण कडी म्हणजे मी. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी दोन दिवस काढले. बैठकीत मास्तरला नारळ मिळाला. जाताना तो प्रेसच्या फाटकाशी आला आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "नव्या मास्तरले द्या," म्हणाला. मी घेतली.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही शिसारी येते. लोहाराकडून नव्या कड्या करवल्या, या वेळी फूटपट्टीने. कुणी विचारलं तर सांगायचो, जुन्या वाकल्या होत्या. लोहाराने जुन्या उचलून प्रेसच्या कोपऱ्यात टाकल्या.

नवा मास्तर नागपूरचा. तेव्हाच्या प्रांताच्या राजधानीतला माणूस, म्हणून अर्धं गाव आधीच त्याच्यावर खूश. वर्षभरात पोरं अकोल्यात जिंकून आली. हार झाले, पेढे झाले, मिरवणूक निघाली. मी ताप आल्याचं सांगून घरी पडून राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याचा संघ पहिल्यांदाच आमच्याकडे खेळायला आला. जुना मास्तर वडनेर भोलजीच्या शाळेत आता कवायत शिकवत होता. तो सामना पाहायला आला आणि नेमका माझ्याच शेजारी, चुन्याच्या रेघेबाहेर उभा राहिला. फार वाळला होता. आमच्या प्रत्येक बास्केटला मनापासून टाळ्या वाजवत होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आम्ही जिंकलो. पोरं नव्या मास्तरला खांद्यावर घेऊन नाचू लागली. जुना मास्तर थोडा वेळ ते पाहत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"पोट्टे तेच आहेत, बाबू. मैदान तेच, खांब तेच. म्हणजे मलेच शिकवता येत नव्हतं, नाही?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. जुन्या कड्या तेव्हाही प्रेसच्या कोपऱ्यात पडून होत्या, पन्नास पावलांवर. हात धरून त्याला तिथे नेता आलं असतं.

"हाव," मी मान डोलावून म्हणालो.