महिपती आणि मनोरा बेट

अंबरनाथच्या शिवमंदिरात पाहुणा आला की गावकरी त्याला महिपतीकडे धाडत. महिपती भातशेती करणारा, शाळेचं तोंड न पाहिलेला. पण देवळाच्या भिंतीवरची एकेक मूर्ती त्याला घरच्या माणसासारखी ठाऊक. पांडवांनी एका रात्रीत देऊळ कसं उभारलं, शिखर अपुरं का राहिलं, हे तो हात नाचवत सांगे. लोक रंगून ऐकत, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस सोन्याचा होई.

एकोणीसशे एकोणपन्नास साली टहिलराम आला. फाळणीत सगळं सोडून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये येऊन पडलेला सिंधी. देवळाच्या वाटेवर तो चणे विकू लागला आणि चणे देता देता आपलं गाव सांगू लागला. कराची बंदरासमोरचं छोटं बेट, नाव मनोरा. तिथला जुना किल्ला, दीपगृह, किनाऱ्यावरचं वरुणदेवाचं देऊळ, ज्याचे दगड खाऱ्या वाऱ्यानं पार खाल्लेले. भाषा अर्धी हिंदी, अर्धी मोडकी मराठी. पण ऐकणारे तोंडातले चणे चावायचे विसरत.

देवळाकडे निघालेले लोक वाटेतच रेंगाळू लागले. महिपती ओट्यावर एकटा बसून त्यांच्या पाठी बघे आणि आतल्या आत जळे. शेवटी त्याने गावभर करून टाकलं, की टहिलराम त्या बेटावरचा नव्हेच, नुसता थापाड्या आहे.

तेवढ्यानेही जिवाला थंडावा मिळेना. बदलापुरात बेलवलीला श्रीपादराव म्हणून एक गृहस्थ राहत. बोटीच्या कंपनीत कारकून असताना दहा वर्षं कराचीत काढलेले. महिपतीने त्यांना एका रविवारी मुद्दाम आणलं आणि चारचौघांत टहिलरामसमोर उभं केलं.

श्रीपादरावांनी बेटावर होडी कुठून जाते ते विचारलं. टहिलरामने कराचीच्या कियामारी धक्क्याचं नाव घेतलं, तेही बरोबर. मग त्यांनी विचारलं, दीपगृहाच्या माथ्यावरून काय दिसतं?

टहिलरामने मान हलवली. "वर कधी गेलो नाही, साहेब. बाप तिथेच नोकरीला होता. म्हणायचा, मोठा हो, मग नेतो. तो गेला, मग मी चढलोच नाही."

श्रीपादराव त्याच्याजवळ जमिनीवर बसले. दुपार टळेपर्यंत दोघं त्या बेटावरच हिंडत होते. आपल्याला कोणी आणलं हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि महिपती दुप्पट जळला.

संध्याकाळी टहिलराम टोपली आवरत असताना महिपती पुढे गेला. पोटात ठेवणं त्याला जमेना.

"तू थापाड्या हाय, असा मीच लोकांना सांगितला."

"मालूम आहे," टहिलराम म्हणाला. "मला पण तुझा राग येतो, भाऊ. तू रोज सकाळी उठून आपलं देऊळ बघतो."

वर्षभर वाटेवर बसूनही हा माणूस कधी आत आलेला नाही, हे महिपतीला आत्ता उमगलं. त्याने टहिलरामला हाताला धरून आत नेलं, गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरवल्या, आणि अंधार पडेतो एकेक दगड दाखवला.

पुढे टहिलराम चणे बांधून देताना गिऱ्हाइकांना महिपतीकडे पाठवू लागला. महिपतीचा मत्सर मात्र पुरता गेला नाही. वाटेवर हसण्याची लाट उठली, की सांगता सांगता तो मध्येच थांबे आणि कान तिकडे लावी.