कुलपातलं खोबरेल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाते. माझा विश्वासच नाही... पण हे माझ्याच दाराशी घडलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. सासरे, म्हणजे अण्णा, मनमाडहून रेल्वेतून रिटायर झालेले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, अंथरुणावरच असायचे. मिस्टर कंपनीत, मी शाळेत. जाताना मी दार ओढून घ्यायची, लॅच लागायचं. इलाज नव्हता. तरी "म्हाताऱ्याला कोंडून जाते" हे जिन्यात कानावर यायचं, आणि मान वर होत नसे.

धडधाकट असताना अण्णा दर दसऱ्याला किल्ली सहज फिरावी म्हणून शिसपेन्सिल तासून शिशाची पूड लॅचमध्ये घालायचे, मग त्याला हळदकुंकू वाहायचे. ते अंथरुणाला खिळले त्या वर्षी किल्ली अडकायला लागली, म्हणून मी हाताशी होतं ते खोबरेल ओतलं. अण्णा काहीतरी म्हणाले, पण मी घाईत होते.

मग जानेवारीची कडाक्याची थंडी पडली. मिस्टर नाइट शिफ्टला. सकाळी गॅसवर अण्णांची पेज ठेवून मी दूध आणायला खाली गेले. परत आले तर किल्ली फिरेना... खोबरेल आत थिजलं होतं. आत पेज उतू जाऊन चरचरली, शेगडी विझली असावी, आणि थोड्या वेळाने गॅसचा वास यायला लागला.

समोरच्या पगारे काकू बाहेर आल्या, पाठोपाठ सगळा मजला. "आजारी माणसाला असं कोंडून जातं का कुणी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रडत दार बडवत होते, "अण्णा... अण्णा..."

आतून खरखर ऐकू आली – पेन्सिल तासल्यासारखी. हातातली किल्ली अलगद फिरली. ओढून काढली तर शिशाने काळी झालेली.

धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. अण्णा पलंगावरच होते, पांघरूणसुद्धा हललेलं नव्हतं. फक्त उजव्या हाताची बोटं काळी होती.

काकूंनी त्यांना विचारलंच, "रोज एकटं टाकून जाते ना ही?"

अण्णा अडखळत म्हणाले, "मीच सांगितलंय... लॅच लावून जात जा म्हणून."

साफ खोटं होतं ते. सगळे गेल्यावर मला हळूच म्हणाले, "सूनबाई, कुलपाला तेल नसतं घालायचं."

मिस्टर म्हणाले, उन्हाने तेल वितळलं असेल. आमच्या जिन्यात ऊन कधीच यायचं नाही. अण्णांचा तो उजवा हात पुढे शेवटपर्यंत हलला नाही, पेन्सिलही घरात सापडली नाही. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही.

बोटांचं मिस्टरांना मी सांगितलंच नाही. ते यायच्या आधीच ओल्या फडक्याने पुसून टाकली होती. पुसताना अण्णा माझ्याकडे बघत होते. माझी काही त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.