माझ्या रक्ताचा रिपोर्ट

बाळांनो, आजीला थोडा अशक्तपणा आहे, एवढेच तुम्हाला सांगितले गेले असेल. मलाही तेवढेच सांगितले होते. म्हणून जे झाले ते पहिल्यापासून लिहिते.

हिवाळ्यात चालताना माझा तोल जाऊ लागला. बोलताना साधा शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. सांडशी हवी असली की मी नुसताच हात हलवायची. तुमचे आजोबा मला अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आपल्या अमरावतीतही असे डॉक्टर आहेत, पण इथे कुणी ओळखीचे भेटेल, असे त्यांचे म्हणणे.

डॉक्टर तरुण होत्या. कॉम्प्युटरवर मेंदूचा फोटो दाखवून त्यांनी मला नीट समजावले. मेंदूत अगदी खोलवर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. वय आणि रक्तदाब यांनी त्या कडक झाल्या की भोवतालच्या भागाला रक्त पुरत नाही. तो भाग झिजतो आणि त्या झिजेचा अंश रक्तात उतरतो. तो आता मोजता येतो. तपासणी नवी आहे, नमुना बाहेरगावी जातो. मी विद्यार्थिनीसारखे ऐकले आणि हात पुढे केला.

रिपोर्ट आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. आपल्याकडे रीतच आहे, निकालाचे बोलणे निघाले की पेशंटला बाहेर बसवायचे. आजोबा म्हणाले, "तू बस जरा, मी इचारून येतो." मी बसले. पातूरच्या एका बाई शेजारी होत्या, त्यांनी मला संत्रे सोलून दिले. आजोबा बाहेर आले तेव्हा हसत होते.

"काई नाई. बी-बारा कमी हाय. इंजेक्शनं घ्या लागतीन."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले. कोणत्या मुलाने अभ्यास केला नाही, हे वर्गात शिरताच मला कळायचे. या एका चेहऱ्यावर मात्र मी शंका घेतली नाही. इंजेक्शने घेतली. रक्तदाबाच्या माझ्या जुन्या गोळीने पाय सुजतात म्हणून उन्हाळ्यात ती मी कधी घ्यायची, कधी नाही. आजोबा पाहायचे आणि पेपर वाचू लागायचे.

तुम्हाला माहीत आहे, वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि वाचायला मी बसते. नोकरी सुटल्यानंतर मला स्वतःचे म्हणावे असे ते एकच काम उरले आहे. आषाढी पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून गेले, तर माइकपुढच्या खुर्चीवर कॉलनीतली एक नवी सून बसलेली. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझा हात धरून मला पंख्याखाली बसवले.

"यंदा तुमी आराम करा, बाई."

"मी कधी म्हटलं मला आराम हवा?"

त्या गोंधळल्या. "तुमाले सांगतलं नाई का घरी? तुमचे साहेबच येऊन गेले ना. म्हने, डोक्यातल्या बारीक नसा खराब झाल्या, रक्तात निंघालं. बाईले माइकवर बसवू नका, चुकलं-बिकलं तं लोकाईत हसं होईन."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् आमी काय कमी चुकतो व? आमचं तं रक्त न तपासताच साऱ्याईले मालूम हाय!"

बायका हसल्या. मीही हसले. तिथे दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. माझ्या डोक्यात काय चालले आहे, हे कॉलनीला माझ्याआधी ठाऊक होते.

घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही.

"मला का सांगितलं नाही?"

"तू घाबरली असती."

"आणि विहारात सांगितलंत, ते मी घाबरू नये म्हणून?"

"पोराले इचारूनच केलं सारं. थोच म्हने, आईले नको सांगू." मग मान खाली घालून म्हणाले, "रविवारी फोनवर लेकरं तुले महिने उलटे म्हणायले लावतात ना, थेही त्यानंच शिकवलं. तू कुठं अडकतं, थे पाहून राहिला होता."

डिसेंबरपासून मागे मी न अडखळता जानेवारीपर्यंत पोचले की तुम्ही फोनवर किती ओरडायचात! इतक्या लांबून ही पोरं आजीशी खेळतात, याचा मला आठवडाभर आनंद पुरायचा. तुमच्यावर माझा राग नाही. फोनच्या पलीकडे कोपऱ्यात बसलेल्या तुमच्या बाबांवर आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने अकोल्याला गेले. डॉक्टरांना आश्चर्य वाटले.

"मी तुमच्या मिस्टरांना स्पष्ट सांगितलं होतं. रक्तात झीज दिसते आहे. ती किती वेगानं वाढेल, हे हा रिपोर्ट एकटा सांगू शकत नाही. पण बीपीची गोळी चुकवायची नाही, आपल्या हातात आहे ते मुख्यतः तेवढंच."

"वाचन बंद करू?"

"वाचन? कोण म्हणालं बंद करा? उलट वाचा."

परतताना बाहेर बघत मी एकच गोष्ट घोळवत होते. गोळी घे म्हणून आजोबांनी धरून बसायचे ठरवले असते, तर मी कारण विचारले असते. कारण सांगावे लागू नये म्हणून त्यांनी मला गोळी चुकवू दिली. खोटे बोलले, ते मी एक वेळ विसरेन. हे विसरता येत नाही.

त्या संध्याकाळी विहारात जाऊन मी खुर्ची मागितली. त्या सुनेने लगेच उठून दिली. मी वाचले. एका ठिकाणी शब्द अडला, मी थांबले, तो आला. पण पूर्वी मी वाचताना कुणी नातवंडाला थोपटायची, कुणी पेंगायची, कुणी मध्येच विचारायची, "बाई, याचा अर्थ काय व?" आता सगळ्या जाग्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अर्थ कुणी विचारला नाही. शेवटच्या रांगेत आजोबा बसले होते. प्रत्येक ओळ संपली की त्यांचे खांदे सैल व्हायचे.

तरी मी दुसऱ्या दिवशी गेले, आणि रोज जाते.

रात्री जेवणानंतर आजोबा गोळी तळहातावर धरून उभे राहतात. पाण्याचा पेलाही आणतात. मी उठून डब्यातली दुसरी गोळी काढते आणि माझे पाणी मीच भरून घेते.