साडूच्या नाकावर टिच्चून मांडलेलं गॅरेज

साडूच्या इंदापुरातल्या फर्निचरच्या कारखान्यात कटर मशीनवर माझ्या डाव्या हाताचं बोट गेलं. काम लवकर उरकावं म्हणून पातीवरचं लोखंडी झाकण त्यानंच काढून ठेवलं होतं. पण पुढं कळस गावच्या एका लग्नात, भर पंगतीत तो म्हणाला, "गडी पिऊन कामाला आलता, आमी काय करणार?" मी आयुष्यात दारू तोंडाला लावलेली नाही. माझी बायको त्याच पंगतीत वाढत होती. तिनं हातातलं भांडं तिथंच ठेवलं आणि ती मांडवाबाहेर आली.

जखम भरल्यावर मी गाडी विकली आणि जळोचीतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये यंत्रं मांडायला घेतली. साडूकडं जे नाही ते आधी आणायचं, एवढंच डोक्यात होतं. म्हणून पहिलं आलं ते फळ्या एका जाडीच्या करणारं मोठं रंधा मशीन. लांब फळी सरळ रस्त्याकडं निघावी अशा बेतानं ते शटरसमोर बसवलं. कटर मधोमध, चारी बाजूंनी फिरता यावं म्हणून. त्याच्या पातीवरचं झाकण मी माझ्या हातानं आवळलं. ड्रिल भिंतीला. जागा मापताना डोळ्यांपुढं लाकूड कमी आणि साडूचं तोंडच जास्त असायचं.

पळसदेवच्या एका बागायतदाराच्या नव्या घराची दारं साडूनं घेतली होती. वास्तुशांत तोंडावर आली आणि सागवानाच्या फळ्या निघाल्या कमीजास्त जाडीच्या. त्याच्या ओळखीतलं एकही मशीन मोकळं नव्हतं. एका दुपारी टेम्पो माझ्या शटरपुढं थांबला. साडू उतरला, मागोमाग बागायतदार.

"पाव्हणं, एवढं रंधून द्या."

"देतो की. आधी ह्यांना सांगा, माझं बोट कसं गेलं."

मी चालू मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसलो. मला कसलीच घाई नव्हती.

"झाकण मी काढलं हुतं," तो पुटपुटला.

"आन मी पिलो हुतो का?"

"न्हाय. तुमी पीतच न्हाय."

मी बायकोला बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर त्याला सगळं पुन्हा बोलायला लावलं. मगच फळ्या रंधल्या.

बागायतदारानं गुळगुळीत फळीवर हात फिरवला. "खिडक्यांचं काम तुमीच करा," तो मला म्हणाला. साडू तिथंच फळ्या टेम्पोत चढवत होता. त्यानं ऐकलं, आणि त्यानं ऐकलेलं मी पाहिलं. मला फार बरं वाटलं.

बायकोनं बागायतदाराला चहा दिला. साडूला विचारलं नाही. मीही तिला 'त्यालाही विचार' असं म्हणालो नाही.