चमचाभर जमजम

"टीचरगारू, हा जीबीएस आहे," टीचरला तेलुगू आदराचा 'गारू' जोडत डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या आणि रबरी हातोडी त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. ती हातोडी गुडघ्याखाली तीनदा ठोकूनही माझा पाय जागचा हलला नव्हता. सोळा वर्षं मी सातवीच्या पोरांना हा प्रयोग करून दाखवला होता. पाय उडाला की पोरं खिदळायची. त्या दिवशी माझाच पाय उडेना.

जीबीएस म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम. डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं : पोटाच्या किंवा छातीच्या एखाद्या साध्या आजाराशी लढताना शरीराची फौज कधीकधी गोंधळते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. नसांवर मायेलिन नावाचं आवरण असतं, ते खरवडलं जातं. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. दुखणं पायांपासून वर चढतं. छातीपर्यंत चढलं तर श्वासाचे स्नायू थकतात, आणि खरी भीती तीच.

मी हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरात हा आजार उद्या येईल त्यांच्यासाठी. पायांना येणाऱ्या मुंग्यांना हसू नका. मी हसले होते. त्याच्या पंधरा दिवस आधी जुलाब झाले होते, ते थांबले. मग तळपायांना मुंग्या आल्या. तासन् तास उभं राहून शिकवणाऱ्या बाईला मुंग्या येणारच, असं म्हणून मी तेल चोळलं. चौथ्या दिवशी दुपारच्या नमाजात सजद्यात गेले, आणि कपाळ चटईवरून उचलताच येईना. नवऱ्यानं, युसूफनं, बगलेत हात घालून उठवलं आणि रिक्षातून आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं.

आधी मी कोण ते सांगते. आम्ही तामसीकडचे पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरणं हा बापजाद्यांचा धंदा. घरात मराठीच, आईला माय म्हणायचं. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. नमाज पढते, रोजे ठेवते, पण खरं सांगू? माझ्या डोक्यात दोन कपाटं होती. एकात विज्ञान, दुसऱ्यात दीन, म्हणजे धर्म. एक उघडताना दुसऱ्याला कुलूप. अरबी शब्द तोंडपाठ होते, अर्थ एकाचाही धड ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. तिसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. हे कारखान्यात शिजत नाही. हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातून ते गोळा करतात, आणि ते दुसऱ्याची बिथरलेली फौज शांत करतं. मायनं बाटलीकडे बघत विचारलं, "इतक्या लोकायचं? मंग दुआ कोणाकोणासाठी मांगू मी?"

"सगळ्यांसाठी माग," मी म्हटलं.

ती मागत बसली. मी थेंब पडताना बघत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, आणि अनोळखी माणसांचं रक्त आपल्या हातात शिरताना बघणं वेगळं.

रोज सकाळी डॉक्टरबाई यायच्या आणि म्हणायच्या, "एका श्वासात मोजा." एकपासून सुरुवात करायची, श्वास संपेल तिथे थांबायचं. एवढीशी ही परीक्षा, पण छाती किती थकली ते त्यातून कळतं. पहिल्या दिवशी मी सव्वीसपर्यंत गेले. नंतर एकवीस. नंतर सतरा. माय उशाशी बसून तस्बीचे मणी ओढत माझ्याबरोबर मोजायची. आकडा घसरला की मणी धरलेली तिची बोटं थांबायची.

पाचव्या दिवशी माझा आवाज गेंगाणा झाला. घशाचे स्नायू ढिले पडले होते. नाकातून अन्नाची नळी घातली आणि सिस्टरनं मायला बजावलं, "तोंडानं काही द्यायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, चहा नाही."

मायनं मान हलवली. तिला ते नीट समजलंही होतं. नेमकी चूक तिथेच झाली.

आमच्या शेजारचे हाजीसाब त्या वर्षी मक्केहून परतले होते. त्यांनी मायला जमजमच्या पाण्याची लहानशी बाटली दिली होती. हिंदू घरात गंगाजल जसं जपतात तसं आम्ही ते जपतो. सिस्टर पाठमोरी होताच मायनं पदराखालून बाटली आणि चमचा काढला. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"अवं, हे पाणी थोडीच हाय," ती कुजबुजली. "हे शिफा हाय, बरं करनारं. बिस्मिल्ला म्हन."

एक चमचा. आपल्या घशात श्वासनळीवर इवलंसं झाकण असतं, एपिग्लॉटिस. गिळताना श्वासनळी वर उचलली जाते आणि ते तिच्यावर मिटतं. दिवसातून शेकडो वेळा, आपल्याला न विचारता. फळ्यावर मी ते कितीदा काढलं असेल. त्या दिवशी माझं झाकण मिटलं नाही. चमचाभर पाणी छातीत उतरलं आणि मला साधं खोकताही आलं नाही. श्वास घोगरा झाला. रात्रीतून ताप चढला, सकाळी मी सातवर अडकले, आणि दुपारी घशात नळी घालून मला व्हेंटिलेटरला जोडलं. व्हेंटिलेटर म्हणजे आपल्याऐवजी श्वास घेणारं यंत्र.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. मग मायला विचारलं, "हिला कोणी काही पाजलं?"

माय भिंतीला टेकून उभी होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. "टीचरगारू, हो असेल तर पापणी मिटा."

मी डोळे उघडे ठेवले. जळजळले, भरून आले, तरी उघडे ठेवले. हे मी चूक केलं. तुम्ही असं करू नका. डॉक्टरपासून लपवलेली गोष्ट रोग्याच्याच मुळावर येते. एक्स-रेवरून त्यांना कळलं म्हणून मी वाचले. पण त्या क्षणी मायचा चेहरा बघून माझी पापणी मिटेना, एवढंच खरं.

त्यानंतर माय माझ्या खाटेजवळ येईनाशी झाली. दारातून बघायची आणि परत जायची.

शुक्रवारी जुम्म्यानंतर मामू आला. मामू म्हणजे मायचा थोरला भाऊ. गावच्या मशिदीत पोरांना अरबी शिकवतो, बाकी वेळ शेती. त्याला चमच्याचं काही ठाऊक नव्हतं. तो बसला आणि म्हणाला, "नमाज सुटली म्हनून रडून राह्यली का तू? बिमाराले सूट हाय पोरी. उभं नाई राहता येत त बसून, बसता नाई येत त झोपून, आन तेबी नाई होत त डोयाच्या इशाऱ्यानं."

मग जुनी गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं. सफरीत एका माणसाच्या डोक्याला जखम झाली होती. नमाजाआधी त्याला अंघोळ करणं भाग पडलं. पाण्याऐवजी कोरड्या मातीवर हात फिरवून चालेल ना, सूट आहे ना, असं त्यानं सोबत्यांना विचारलं. त्यांना नीट माहीत नव्हतं, तरी म्हणाले, सूट नाही. त्यानं अंघोळ केली आणि तो दगावला. नबींच्या, म्हणजे पैगंबरांच्या, कानावर हे गेलं तेव्हा ते फार कळवळले. ठाऊक नव्हतं तर विचारलं का नाही, असं म्हणाले. न कळण्याच्या दुखण्यावर विचारणं हेच औषध.

"इलम मिळवनं, शिकून घेनं, फर्ज हाय ते यासाठीच," मामू म्हणाला. "नुसती नियत चांगली असून भागत नाई."

दारात माय उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती पदर तोंडात धरून बाहेर गेली.

यंत्रावरच्या नऊ दिवसांत मी पापण्यांनी नमाज पढले. यंत्र श्वास घेत होतं, मी पापण्या झुकवत होते. मामू एक दिवसाआड यायचा आणि मला पाठ असलेल्या शब्दांपैकी एकाचा अर्थ सांगून जायचा. एकदा त्यानं 'रब' सांगितला. मी समजत होते मालक. मामू म्हणाला, तेवढंच नाही. लहानाला सांभाळत, थोडं थोडं वाढवत पुरं करणारा. त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या की नसांवरचं आवरण आता आपोआप पुन्हा चढू लागलं असेल. थोडं थोडं, महिनोन्महिने, घाई करता येत नाही.

मी छताकडे बघत पडले होते. त्या घडीला माझी दोन्ही कपाटं एकदम उघडली. जे मी इतकी वर्षं फळ्यावर काढत होते आणि जे चटईवर पुटपुटत होते, ते एकाचंच होतं. माझी हिंमत झाली नव्हती म्हणून मी ते कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. इतकी लहान मी आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि इतकी निर्धास्तही. मी यंत्राच्या लयीत अल्हम्दुलिल्लाह, सगळी स्तुती अल्लाहची, म्हणत राहिले, अर्थासकट.

यंत्र निघालं. बोटं हलली, मग मनगट. दीड महिन्यानं मी वॉकर धरून घरी आले. माय भरवायची, पाय चोळायची, पण त्या चमच्याचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. ती मात्र एकदा म्हणाली, "ते झाकन कसं राह्यते, मले चित्र काढून दाखव." मी काढलं. तिनं तो कागद घडी घालून बटव्यात ठेवला.

चार महिन्यांनी तपासणीला गेलो. आमच्या बाकड्याशेजारी बोथकडची एक बाई स्ट्रेचरवरच्या नवऱ्याजवळ उभी होती. त्याच्या नाकात नळी. इकडेतिकडे बघून तिनं पिशवीतून गंगाजलाचा गडू काढला आणि त्याच्या ओठांशी नेला.

माय धडपडत उठली. तिनं त्या बाईचं मनगटच धरलं.

"थांब बाई. सिस्टरले इचारलं का?"

"अवं गंगेचं हाय," ती बाई म्हणाली. "याले काऊन इचारायचं?"

"माह्याजवळ मक्केचं होतं," माय म्हणाली. "म्या बी नाई इचारलं. माह्या पोरीच्या छातीत गेलं ते. नऊ दिवस मशीनवर होती." तिनं बटव्यातला कागद उलगडला आणि झाकणावर बोट ठेवलं. "हे पाहा. हे मिटत नाई आता त्याचं. पाणी कुठलंबी असू दे, वाट चुकते. कपायाले लाव तू, आन आधी इचार."

बाईनं गडू खाली घेतला आणि सिस्टरला हाक मारली.

माय परत येऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुही पापणी नाई लवली त्या दिवशी. मी पाह्यलं होतं."

मी तिचा हात धरला. आता माझ्या मुठीत तेवढा जोर आला होता.

आत डॉक्टरबाईंनी नेहमीचं विचारलं, "मोजा." मी श्वास भरला आणि सुरू केलं. मायनं तस्बी काढली. तेहेतिसाव्या मण्यावर तिचं बोट अडलं, तिथे मोठा मणी येतो. मी अजून मोजतच होते. मग ती पुढचे मणी ओढू लागली.