चार महिन्यांच्या गोळ्या, आठ महिने

इंग्लंडला परत जायला तीन दिवस उरले होते. वाडीत सगळ्यांचा निरोप घेऊन मी घरी आले, तर आतल्या खोलीचं दार बंद. ढकललं तर काय, आई जमिनीवर बसून माझ्या गोळ्या सोलत होती. हो, सोलतच होती. वालाच्या शेंगा सोलतात ना, तशी. पाकिटातून अंगठ्याने गोळी दाबून काढायची आणि कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत टाकायची. बाटली गळ्यापर्यंत भरली होती आणि रिकाम्या पाकिटांचा ढीग चुलीत घालायला बाजूला ठेवला होता.

"आई! हे काय करून बसलीस?"

"वरडतीस कशाला? इमानतळावर कोणी इचारलं तर हाडांच्या गोळ्या हायत म्हणायचं. पाकिटावर नाव वाचून कोणाला कळायला नको."

मी डोक्याला हात लावला. नावाशिवायच्या तीनशे पांढऱ्या गोळ्या, त्याही दुसऱ्याच औषधाच्या बाटलीत. त्या घेऊन मी परदेशी उतरले असते तर हाडांचं सोडा, माझी कुंडली मागितली असती. तेवढ्यात बाहेरून शेजारच्या काकूंनी हाक मारली, "झाली का गो बांधाबांध?" आणि आईने झपकन बाटलीवर गोधडी ओढली. काकू पाणी पिऊन, दोन गोष्टी बोलून निघून गेल्या. गोधडीला आईने तोवर हात लावू दिला नाही.

मला फिट येते. बारा वर्षांची असताना पहिल्यांदा आली, शाळेतून येताना, पायवाटेवर. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, वीस-बावीस घरांची. अर्धी माणसं मुंबईत, उरलेली अर्धी गुरांमागे. अशा ठिकाणी एका घरात शिंकलं तरी दुसऱ्या घरात कळतं. पण माझं दुखणं आईने चौदा वर्षं कळू दिलं नाही. पडले की 'चक्कर आली', निजून राहिले की 'पित्त झालं'. मुलीच्या जातीला फेफरं आहे म्हटलं की सोयरीक तुटली, हे तिचं गणित. त्यात तिचं तरी काय चुकलं म्हणा. तिच्या डोळ्यांसमोर तसं झालेलं होतं, तिच्या मावसबहिणीचं.

आणि मी? मी एवढी शिकले, पाण्याच्या शुद्धीकरणावर एक वर्षाचा कोर्स करायला इंग्लंडला गेले, आणि पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या फॉर्मवर 'कोणता आजार आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहून आले. हात जरासुद्धा अडखळला नाही. वाटलं, कळलं तर मला प्रयोगशाळेत काचेजवळ उभं करणार नाहीत, घरी पाठवतील. सरकारी डॉक्टरकडे नाव घालायचं तर तिथेही तोच प्रश्न, म्हणून तिकडे फिरकलेच नाही. गंमत बघा, व्हिसा काढतानाच तिथल्या आरोग्यसेवेचे भलेमोठे पैसे भावाने मुंबईत ओव्हरटाइम करून भरले होते. पैसे भरून पंगतीला उपाशी बसणारी मीच.

मग एकदा धीर करून औषधाच्या दुकानात चौकशी केली. बाईने हसून सांगितलं की चिठ्ठीशिवाय देता येत नाही, खासगी डॉक्टर चिठ्ठी देईल, त्याची फी अमुक. ती फी म्हणजे माझं दोन आठवड्यांचं जेवण. मी थँक्यू म्हणून बाहेर आले आणि फुटपाथवर उभी राहून हिशोब केला. इथून नेलेल्या गोळ्या चार महिन्यांच्या. सकाळी एक, रात्री एक. सकाळची बंद केली तर आठ महिने पुरतील. झालं! मला वाटलं, काय हुशार मी. दात कोरून पोट भरत नाही हे आम्हाला लहानपणापासून सांगतात, पण सांगून कोण शहाणं झालंय.

फेब्रुवारीत स्वयंपाकघरात पडले. शुद्धीवर आले तेव्हा खोलीशेजारची नायजेरियाची मैत्रीण माझ्या उशाशी बसून रडत होती. तिने माझे हात दाबून धरले होते आणि तोंडात चमचा घालायचा प्रयत्न केला होता. ओठ फाटला होता. मी तिला म्हटलं, ब्लड प्रेशर कमी झालं. बघा, चक्करचं भाषांतर करायला मला एक मिनिट लागलं नाही.

हे सगळं पोटात ठेवून मी एप्रिलच्या सुट्टीत घरी आले होते. पुढच्या पाच महिन्यांच्या गोळ्या आईने जुन्या चिठ्ठीवर महाडहून आणून ठेवल्या होत्या. दर महिन्याला बाजाराला उतरायची तेव्हा एकेका महिन्याच्या. त्याच आता बाटलीत पडल्या होत्या. मी इतकी चिडले की जेवले नाही. आईही जेवली नाही. सकाळी दोघी न बोलता पहिल्या एसटीने महाडला निघालो, पाकिटातल्या नव्या गोळ्या आणायला.

महाडच्या दुकानदाराने जुनी चिठ्ठी उलटसुलट केली. "ताई, महिन्याच्या देतो. पाच महिन्यांच्या एकदम हव्यात तर डॉक्टरांचं नवीन लिहून आणा." म्हणून डॉक्टरांकडे गेलो. हे तेच डॉक्टर, ज्यांच्याकडे आईने मला पहिल्यांदा पाठीवर घालून आणलं होतं. तेव्हा ते नुकतेच शिकून आलेले, आता कानावरचे केस पांढरे.

त्यांनी माझा कागद काढला. बोटाने ओळ धरून वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ऑगस्टच्या शेवटी तुला चार महिन्यांच्या लिहून दिल्या होत्या. आज एप्रिल. मधे काय घेत होतीस?"

आई पटकन म्हणाली, "तिकडं मिळतात ना, डॉक्टरसाहेब, म्हाग पडतात एवढंच. आता दोन वर्सं झाली, एकदाबी नाय आलं तिला."

खरं बोलले तर आई मला परत जाऊ देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाच महिने राहिले होते, प्रयोग अर्धा झाला होता, माझ्या शिक्षणासाठी भावाने काढलेलं कर्ज डोक्यावर. खोटं बोलले तर हे डॉक्टर काहीतरी ठरवणार ते खोट्यावर ठरवणार. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "एक-एक घेत होते. फेब्रुवारीत आली होती."

आईच्या हातातली पिशवी खाली पडली.

मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, फी, फुटपाथवरचा हिशोब, चमचा. सांगता सांगता रडूही आलं, आणि रडू आलं याचा रागही. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी मोबाईल काढला, म्हणाले, "थांब, बघू या तरी." बराच वेळ वाचत बसले. मग फोन माझ्यापुढे धरला. तिथल्या सरकारचंच पान होतं. काही थोडे आजार असे, की डॉक्टरची सही घेऊन एक अर्ज भरला की त्या माणसाला औषधाचे पैसे लागत नाहीत. यादीत फिट होती. स्वच्छ अक्षरात, चारचौघांसारखी.

"फुकट आहे ग तुला," डॉक्टर म्हणाले. "फक्त नाव सांगावं लागेल. महिन्याच्या गोळ्या इथून ने, पाकिटात, माझ्या पत्रासकट. तिथे गेल्या गेल्या नाव नोंदव. आणि दोन्ही घ्यायच्या. सकाळी एक, रात्री एक. यात काटकसर चालत नाही."

"कागदावर लिवायचं?" आई म्हणाली. "तिकडच्या सरकारच्या?"

"मावशी, न लिहून काय झालं ते ऐकलंत ना आत्ता?"

परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, संपलं. घरी गेलं की म्हणेल, बस्स झालं शिक्षण. मी मनात भांडणाची वाक्यं जुळवत होते. चांगली झणझणीत वाक्यं होती, खरं सांगते. पोलादपूरला उतरलो, वर जाणाऱ्या गाडीला वेळ होता म्हणून उसाचा रस घेतला. अर्धा ग्लास झाल्यावर आई म्हणाली,

"तुला कुशीवर कोणी वळवली?"

"कधी?"

"कधी काय! पडलीस तवा. कुशीवर वळवली का नाय तिनं?"

"नाही. तिला कुठे माहीत होतं?"

"आन् तू सांगितलं नाय."

"नाही सांगितलं."

आईने ग्लास खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते. "चौदा वर्सं मी तुला गप ऱ्हायला शिकवलं," ती म्हणाली. "सात समुद्रापार जाऊन पन तू माजंच ऐकलंस. जीव गेला असता गो." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "त्या पोरीला फोन लाव. मी सांगते तिला."

आता आमच्या वाडीत फोनला रेंज येते ती एकाच ठिकाणी, देवळाच्या पायऱ्यांवर. आणि दुपार कलली की वाडीतल्या झाडून साऱ्या बायका तिथेच बसलेल्या. मी म्हटलं, पोलादपुरातूनच लावू या. पण मैत्रीण फोन उचलेना, आणि गाडी तर आली. वर पोचलो तेव्हा देवळात पाच-सहा जणी होत्या, शेजारच्या काकूही. मला वाटलं आई परत फिरेल. ती तडक पायऱ्या चढली.

व्हिडिओ लागला. मैत्रिणीचा चेहरा दिसताच आईने हात जोडले आणि सुरूच केलं. "तिला सांग, हिला फिट येते." मी इंग्रजीत सांगितलं. बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या. "सांग, हात-पाय दाबून धरायचे नाय. तोंडात काय म्हंजे काय घालायचं नाय, चमचा नाय, पानी नाय. कुशीवर कसं वळवायचं ते दाखवते." आणि माझी आई, जी मोठ्या माणसांसमोर कधी पाय पसरून बसली नाही, ती देवळाच्या फरशीवर सरळ आडवी झाली. "असा हात असा, गुडघा असा, आन् मग डाव्या कुशीवर. लाळ बाहेर पडते मंग. डोक्याखाली काहीतरी मऊ. आन् घड्याळ बघायचं. पाच मिंटांत थांबली नाय तर ॲम्ब्युलन्स."

मैत्रीण तिकडे तिच्या खोलीत खाली बसली आणि उशी घेऊन तिने तसंच करून दाखवलं. उशीचा उजवा-डावा घोळ झाला. आई ओरडली, "अगो, ती नाय, दुसरी बाजू!" आणि हे मला भाषांतर करावंच लागलं नाही. मैत्रीण हसली. मग मला म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचं ना ग. मी महिनाभर घाबरून झोपले नाही." मी तिची माफी मागितली, तिथेच, सगळ्यांसमोर.

फोन ठेवला. आई उठून बसली आणि लुगड्याची धूळ झटकू लागली. एकजण म्हणाली, गाईला पाणी दाखवायचंय, आणि निघाली. मग दुसरी. मी मनात म्हटलं, उद्या मुंबईपर्यंत बातमी जाणार. गेली तर गेली.

काकू मात्र उठल्या नाहीत. सगळ्या पार दिसेनाशा झाल्या तेव्हा त्या आईजवळ सरकल्या. गेल्या वर्षी त्यांच्या घरी सून आली होती. कामाला वाघीण, पण विहिरीवर तिला एकटीला पाठवत नसत. आम्हाला वाटायचं, सासू कडक.

"आमच्या सुनेला पन हाय गो," काकू म्हणाल्या. "माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. आमी पन कोणाला सांगितलं नाय. गोळी एक दिसाआड देतो. जास्त दिस पुरतात."

"मी पण तेच केलं, काकू," मी म्हटलं. "म्हणूनच पडले."

"तू?" त्या म्हणाल्या. "तू तर शिकलेली."

आईने काकूंचा हात धरला.

"उद्याच्या पहिल्या गाडीनं तिला घेऊन महाडला चल," ती म्हणाली. "परवडत नाय तर तेच सांगायचं डॉक्टरसाहेबांना, तोंड उघडून. मी येते संगं."